नियम घेतलेली वीज

भाद्रपदातली दुपार मला यंदा पुन्हा बसू देत नाही. मंदिराच्या मंडपात पोथी उघडी असते, श्रोते यायचे असतात, आणि माझी दृष्टी ओळीवरून उठून वारंवार अंगणातल्या फरशीकडे जाते. फरशीवर ऊन आहे की नाही, असल्यास त्याला धार आहे की ते पाण्यात कालवल्यासारखे फिके आहे, एवढेच मला पाहायचे असते. घाटाच्या अंगाने एखादा ढग सरकत आला की फरशीचा रंग उतरतो आणि त्याबरोबर माझ्या छातीतलेही काही उतरते. मुख्य लाईन परवापासून बंद आहे. वादळात तिकडचे खांब पडले म्हणतात. गाव पुन्हा एकदा आपल्याच उन्हावर आणि आपल्याच वाऱ्यावर उभे आहे.

ज्याने आयुष्यभर निपाणीच्या शाळेत संस्कृत शिकवले, चित्त एका ठिकाणी कसे ठेवावे हे मुलांना सांगताना ज्याचा घसा कधी थकला नाही, त्याने शास्त्रवाचनाच्या आसनावर बसून ढगांकडे असे चोरून पाहावे, हे शोभणारे नव्हे. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदाने मला ही खोड लावली, आणि पर्वाचे दिवस जवळ आले की ती आपोआप जागी होते.

आमचे गाव वेदगंगेच्या काठी. नदीच्या बाजूला ऊस, वरच्या अंगाला तंबाखू, आणि त्याच्याही वर उघडा माळ. त्या माळावर आता पवनचक्क्या आहेत. त्यांच्या पायथ्याशी, जिथे पूर्वी कापलेला तंबाखू उन्हात वाळत पडलेला असे, तिथे सौर तक्त्यांच्या रांगा सूर्याकडे तोंड करून बसल्या आहेत. गावाच्या वेशीवर, वीज खात्याच्या कुंपणात, दोन पांढरे पेटारे ठेवलेले आहेत. त्यांत बॅटऱ्या आहेत. दिवसा साठवायचे आणि सूर्य गेल्यावर वापरायचे, म्हणून गावाने त्यांचे नाव ‘कोठी’ ठेवले. धान्याच्या कोठीसारखेच आता कुणीही कुणाला विचारते, “कोठी किती भरली?” आणि उत्तरावर त्या संध्याकाळची मनःस्थिती ठरते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता. वीज दूरवरून यायची. कुठल्या धरणाचे पाणी, कुठल्या खाणीचा कोळसा, आम्हाला ठाऊक नसायचे आणि ठाऊक करून घेण्याची गरजही नसायची. मग घरोघरच्या छपरांवर तक्ते बसले, आणि आम्हाला वाटले, अंधार संपला. पहिल्याच वादळात मुख्य लाईन गेली आणि भर दुपारी, डोळे दिपवणाऱ्या उन्हात, सगळी घरे बंद पडली. गिरणीवाला भूपाल रस्त्याच्या मध्यभागी उभा राहून आकाशाकडे हात करीत ओरडला होता, “आरं, हा सूर्य काय बिल भरला न्हाय म्हणून तोडलाय व्हय?”

त्यामागचे कारण मला माझ्या भाचीने सांगितले. त्रिशला माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी; वीज खात्यात इंजिनिअर आहे, बेळगावात कॅम्पजवळच्या क्वार्टर्समध्ये राहते, आणि आमच्या गावची कोठी तिच्याच देखरेखीखाली उभी राहिली. ती म्हणाली, छपरावरची यंत्रे मुख्य लाईनचा ठेका ऐकत असतात. तो ठेका ऐकू येईनासा झाला की ती गप्प होतात, कारण खांबावर चढलेला माणूस भाजून मरू नये. आता कोठीतले एक यंत्र स्वतःच ठेका धरते, आणि बाकीची त्याच्या मागून चालतात.

हे मला चटकन उमगले. सामूहिक पठणात शंभर मुखे असतात. त्यांतले एक मुख स्वर धरून असते आणि उरलेली त्याला लगटून जातात. ते एक अडखळले की शब्द पाठ असूनही सगळी सभा विस्कटते. परंतु त्रिशलेने आणखी एक गोष्ट सांगितली आणि त्या गोष्टीने माझी झोप कमी केली. जुन्या वीजकेंद्रांतली चाके अवजड असतात. ओझे अचानक वाढले तरी आपल्या वजनाने ती काही क्षण तशीच फिरत राहतात, आणि तेवढ्यात सावरायला वेळ मिळतो. ऊन आणि बॅटरी यांना असे वजन नाही.

“म्हणूनच मामा, त्या यंत्राला वजन असल्यासारखं वागायला शिकवलंय.”

“आणि ते शिकलं?”

“शिकलंय. पण एकदम किती भार पेलायचा त्याला मर्यादा हाय. माणसासारखीच.”

चपळ असणे म्हणजे स्थिर असणे नव्हे, हे मी वर्गात कित्येकांना सांगितले असेल. यंत्रांनाही ते सांगावे लागते, हे मला नवे होते.

आषाढात माळावरच्या पवनचक्क्या झपाटल्यासारख्या फिरतात. त्या दिवसांत सूर्य नसला तरी चालते. वाराच गावाला पोसतो. चैत्रात वारा नसला तरी चालते. ऊन एवढे असते की कोठी दुपारीच भरून जाते. भाद्रपद मात्र या दोहोंच्या मधल्या फटीत येतो. वारा थकलेला असतो आणि ऊन अद्याप ढगांच्या आडून पुरते बाहेर आलेले नसते. नेमका हाच काळ आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचा. व्रताचे, उपवासाचे, दहा दिवस आत्म्याकडे पाहण्याचे दिवस. पूर्वजांनी पर्वासाठी हा काळ निवडला तेव्हा सृष्टी अशी मधोमध अडकलेली असते, हे त्यांना जाणवले असेल काय, असा विचार हल्ली मनात येतो आणि वाचनाची ओळ पुन्हा सुटते.

दोन वर्षांपूर्वी या फटीत पूर आला.

माझी थोरली बहीण, चंपाक्का, यजमान गेल्यापासून माझ्याच घरी असे. सासरची निपाणीत तंबाखूची वखार होती. तारुण्यातली कित्येक वर्षे तिने त्या वखारीच्या धुळीत श्वास घेतला, आणि उतारवयात त्या धुळीने तिचा श्वास परत मागून घेतला. नाकाला नळी आणि पलंगाशेजारी ऑक्सिजनचे मशीन, अशी तिची शेवटची वर्षे. ते मशीन अहोरात्र घुरघुरत असे. आक्का त्याला जावई म्हणायची. “पोरीनं जावई आणला न्हाय, म्हणून देवानं ह्यो धाडला. कोपऱ्यात बसून नुसता घुरघुरतोय, आणि त्याला म्हणून चुकूनसुद्धा उपाशी ठेवायचं न्हाय.” विजेवाचून ते मशीन निरुपयोगी होते. हाताशी एक लहान सिलिंडर होता, पण तो थोडा वेळच पुरला असता.

पर्वाच्या तोंडावर नदी वाढली, निपाणीचा रस्ता पाण्याखाली गेला आणि मुख्य लाईनचे खांब आडवे झाले. कोठी तपासायला आलेली त्रिशला गावातच अडकली. रुग्णांना पलीकडे नेण्यासाठी नाव एकदाच येणार होती, असा निरोप आला. मायलेकींचे त्या सकाळचे बोलणे मला अजून ऐकू येते.

“आई, उद्या नाव येणार हाय. निपाणीला चल. दवाखान्यात जनरेटर हाय.”

“बेड,” आक्का म्हणाली. आक्का रागावली की तिच्या तोंडी कानडी येई, आणि तिचे ‘बेड’ म्हणजे नको म्हणजे नकोच. “धा दिवसांचं एकभुक्त धरलंय म्या. दवाखान्यात कुणाच्या हातचं खाऊ? पाणी गाळून, उकळून कोण देणार? तू?”

“आणि करंट गेला तर?”

“मग तू कशाला इंजिनेर झालीस गं?”

त्रिशलेने माझ्याकडे पाहिले. मी आक्काकडे पाहिले. आक्काने दोघांकडेही न पाहता जपाची माळ हातात घेतली. दुसऱ्या दिवशी नाव आली आणि आक्कावाचून परत गेली. त्या क्षणापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. नदी उतरेपर्यंत गावाने आपल्या पायांवर उभे राहायचे आणि आक्काचे मशीन थांबू द्यायचे नाही. हे जमले तर तिचे व्रत पुरे होईल, आणि न जमले तर तिला पलीकडे नेणारी नाव आता येणार नव्हती.

त्या दिवसांतले गाव आठवले की वासच आधी आठवतात. पुराच्या गाळाचा जड वास, दमट वखारींतून येणारा तंबाखूचा कडवट दर्प, आणि मंदिरात उगाळलेल्या चंदनाचा थंडावा. तिन्ही एकमेकांत मिसळत नसत, एकाआड एक येत. पोथीवर हात ठेवला तर कागद ओलसर लागे. आकाश खाली आले होते. माळावरच्या पवनचक्क्या एखादी फेरी घेत आणि विसरल्यासारख्या थांबत. मी मंदिरातून घरी येताना पावले आपोआप भराभर पडत, आणि उंबऱ्याशी आलो की मशीनची घुरघुर ऐकू येईपर्यंत मी श्वास रोखून धरी.

त्रिशला मंदिरात आली ती पर्वाच्या पहिल्या दुपारी. चिखलाने भरलेल्या चपला बाहेर काढून खांबाशी उभी राहिली.

“मामा, माझा हिशोब चुकलाय. शहरात लोक अंधार पडल्यावर बटणं दाबतात. मी कोठीचं गणित तसंच मांडलं. आपलं गाव उजेडातच सगळं उरकून घेतंय. दिवसभर गिरण, मोटार, मिक्सर, आणि दिवस मावळायच्या आत जेवण. मग कोठी भरणार कधी?”

आम्ही सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही. ही चाल तिच्याही रक्तात आहे. परंतु बेळगावच्या नोकरीत ती आठ-नऊ वाजता जेवायला शिकली होती, आणि गणित मांडताना स्वतःचे घर विसरली होती. तिला मी दोष देत नाही. आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट आपल्यालाच दिसेनाशी व्हावी, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे.

गृहस्थाने भोगोपभोगांचे परिमाण करावे, आज मी अमुक एवढेच वापरीन, त्याहून अधिक नाही, असे सकाळीच ठरवून टाकावे, हा आमच्याकडचा जुना आचार. कुणी त्या दिवसापुरते मीठ सोडतो, कुणी तूप, कुणी पादत्राणे. मी सभेपुढे म्हणालो, उद्यापासून विजेचे परिमाण करू या. ऊन जेवढे मिळेल तेवढे दिवसभर कोठीत जाऊ दे. गिरणी, मोटार, मिक्सर, इस्त्री, इंडक्शनची चूल, काही लावायचे नाही. आणि नियमाला मर्यादा लागते. मर्यादेवाचून नियम देत नाहीत. म्हणून मंदिराची चारची घंटा झाली की नियम सुटेल, म्हणजे सूर्यास्ताच्या आत सर्वांची जेवणे होतील.

“माझी गिरण बंद, गुरुजी,” भूपाल उठून म्हणाला. “पण बायकूचा मिक्सर तिचा तिनं सांगायचा. तिथं माझा अधिकार चालत न्हाय.” स्त्रियांच्या बाजूला हशा पिकला. गणेशोत्सवाचेही तेच दिवस होते. मराठा गल्लीतल्या मंडळाचा रणजित दाराशी उभा होता, तो म्हणाला, “आमचा गणपती बिनलाइटीचा बसंल ओ गुरुजी. आक्का आमची पण हाय. पण घंटा झाली की आरती दणक्यात हुईल, तवा काय बोलायचं न्हाय.”

दुसऱ्या दिवशीची ती दुपार मी कशी विसरू? सारे गाव व्रतस्थ बसले होते. एरवी ज्याकडे लक्ष जात नाही असे पंख्यांच्या, मोटारींच्या, दूरदर्शनच्या आवाजांचे आवरण गावावरून निघून गेले होते. पाट्यावर वरवंटा फिरत होता, कुठेतरी धुणे आपटले जात होते. या शांततेत आमच्या घरातली घुरघुर थेट गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू येई, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण क्षणभर कान देऊन पुढे जाई. शांतता होती, परंतु निवांतपणा नव्हता. बायका पिठाचे डबे, भिजवलेल्या डाळी, तांदूळ निवडून ओट्यावर मांडून बसल्या होत्या. पुरामुळे गॅसचे सिलिंडर येत नव्हते, त्यामुळे घरोघर विजेच्याच चुली होत्या. तासातासाने त्रिशलेचा निरोप येई, कोठी भरते आहे. मला धन्यता वाटली. आपल्या जुन्या आचाराने नव्या यंत्राला हात दिला, असे मनात येऊन गेले.

मग चारची घंटा झाली.

नियम मोडू नये म्हणून घंटेपूर्वी एकानेही बटण दाबले नव्हते. आणि नियम निभावल्याच्या आनंदात घंटेनंतर एकानेही क्षणभर दम धरला नाही. गिरणी, मोटारी, मिक्सर, चुली, मंडळाचे कर्णे, सगळे एका श्वासात सुरू झाले. घंटेचा नाद हवेतून विरलाही नव्हता, आणि गाव बंद पडले.

ती शांतता निराळी होती. दुपारच्या शांततेत घुरघुर होती. या शांततेत ती नव्हती. मशीनने दोनदा किंचाळल्यासारखा सूर काढला आणि तेही थांबले. मी आक्काला सिलिंडरची नळी लावली. तिने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते.

विचार करू लागलो की त्या दुपारचे हे कोडे मला अजून छळते. नियमापूर्वी गाव बेशिस्त होते. कुणी सकाळी दळे, कुणी दुपारी पाणी चढवी, कुणी विसरून जाई. त्या विस्कळीतपणात एक प्रकारचे संरक्षण होते. सर्वांनी एकाच वेळी संयम केला, म्हणून सर्वांनी एकाच वेळी तो सोडला. संयम कसा धरावा हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेले आहे. तो सुटताना कसा सुटावा, हा प्रश्न कुणी विचारल्याचे मला स्मरत नाही.

कर्णे बंद, फोन बंद. निरोप तोंडोतोंडी गेला, सगळी बटणे वर करा. त्रिशलेने कोठी पुन्हा जागवली आणि ती पुन्हा कोसळली, कारण अनेक घरांत चुलीचे बटण तसेच राहिले होते. मग ती लाईनमनला घेऊन खांबाखांबाशी गेली आणि तिने एकेक गल्ली तोडून वेगळी केली. आता एकेक जोडायची. प्रत्येक गल्ली जोडल्यावर थांबायचे, ठेका स्थिर होऊ द्यायचा, मग पुढची. खांबाखाली माणसे जमली होती. सूर्य कलला होता, आणि ज्यांचे पीठ परातीत पडून होते त्यांच्या पोटात भुकेपेक्षा सूर्याची घाई अधिक होती.

पहिली जोडली ती मंदिराची गल्ली. आमची.

“आईची गल्ली पहिली व्हय गं, त्रिशला?” गर्दीतून कुणी तरी म्हणाले.

ती खांबाकडे पाहतच म्हणाली, “व्हय. आईच हाय ती. तुमची आई नळीवर असती तर तुमची केली असती.”

तरी कुणी तिथून हलले नाही.

मशीनची घुरघुर सुरू झाली तेव्हा मी पलंगाच्या कडेवर बसलो, आणि बसल्यावर कळले की इतका वेळ मी उभा होतो. मागच्या गल्ल्यांत वीज पोहोचेपर्यंत सूर्य माळाच्या मागे टेकला होता. कित्येक घरांत भात अर्धा शिजला होता. बायकांनी तो तसाच झाकून ठेवला. लहान मुलांना दूध दिले. मोठी माणसे पाणीसुद्धा न पिता निजली. त्यांतल्या कित्येकांचा त्या दिवशी उपवास नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून घंटा प्रत्येक गल्लीसाठी निराळी झाली. पहिली घंटा मंदिराच्या गल्लीची, मग काही काळ गेल्यावर मराठा गल्लीची, मग पुढची, शेवटी स्टँडची. आणि कोठी कमी पडू लागली तर उलट्या क्रमाने तोडायचे. शेवटची गल्ली आधी, पहिली सर्वांत शेवटी. गाव त्यानंतर एकदाही पडले नाही. नदी उतरली. आक्काचे एकभुक्त पूर्ण झाले.

पर्व संपले की आमच्याकडे क्षमावणीचा दिवस असतो. लहानथोर एकमेकांच्या दारी जाऊन वर्षभरातल्या अपराधांची क्षमा मागतात. त्या सकाळी आमच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

“आक्का, उत्तम क्षमा,” भूपाल हात जोडून म्हणाला. “त्या दिवशी घंटा झाली तवा माझा हात खटक्यावरच हुता बघा.”

“साकु, साकु,” आक्का म्हणाली, पुरे, पुरे. एकेका शब्दाला ती थांबत होती. “उपाशी निजलासा तुम्ही, आणि क्षमा म्या करू व्हय? उलटंच हाय की सगळं.”

सर्वांच्या शेवटी त्रिशला वाकली. आक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण लगेच काढूनही घेतला.

“कशाची मागतीस? घंटा एकच ठेवू दिलीस त्याची?”

“व्हय.”

“आणि आई म्हणून माझी गल्ली पहिली केलीस, ती?”

त्रिशला वाकलेलीच राहिली.

“ती क्षमा माझ्याकडं न्हाय गं. ती मागच्या गल्लीत हाय. जा.”

आणि त्रिशला गेली, घरोघर गेली. परत आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि ओंजळीत कुणीकुणी दिलेले खोबऱ्याचे तुकडे होते.

पुढच्या वैशाखात आक्का गेली. भर दिवसा, लख्ख उन्हात, कोठी काठोकाठ भरलेली असताना आणि मशीन चालू असताना. तिला वीज कमी पडली नाही; श्वास कमी पडला. तिच्या इच्छेप्रमाणे मशीन आम्ही हुसेनभाईंना दिले. ते एके काळी निपाणी-कोल्हापूर गाडी चालवीत. आता छातीने बसवले आहे. त्यांचे घर स्टँडच्या गल्लीत, म्हणजे क्रमाने शेवटच्या.

मशीन गेले, क्रम मात्र जागच्या जागी राहिला. मलाही तो कधी खुपला नाही. आमची गल्ली पहिली हे आता गावाला मंदिराच्या शिखराइतके स्वाभाविक वाटते. लोक तिला ‘आक्काची गल्ली’ म्हणतात, आणि पहिली घंटा झाली की वयस्क बायका तिच्या नावाने हात जोडतात. आदरापोटी जन्मलेली रीत इतक्या अल्पावधीत इतकी खोल रुजताना मी प्रथमच पाहिली, आणि सुखावलोही.

काल दुपारी ढग दाटले. कोठी खाली गेली आणि ठरल्याप्रमाणे शेवटची गल्ली आधी तुटली. हुसेनभाई सिलिंडरवर होते, हे मला आज सकाळी कळले. त्याच वेळी माझ्या रिकाम्या घरात, आक्काच्या रिकाम्या पलंगावर, पंखा फिरत होता.

सकाळीच त्रिशलेला बेळगावला फोन केला. ती म्हणाली, “मामा, क्रम मी इथनं एका मिनिटात बदलीन. पण गावानं ठरवलंय, का तुम्ही?”

“गावाने अजून नाही.”

“मग ठरू दे. मी एकटीनं बदलला तर ती पुन्हा माझ्याच मर्जीची गल्ली हुईल.”

आज वाचन आटोपल्यावर मी सभेपुढे विषय काढला. सर्वांत आधी भूपाल उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून त्याला उत्तर देणे अधिक कठीण झाले.

“गुरुजी, ती आक्काची गल्ली. पहिलीच ऱ्हाणार. रीत हाय ती आता. तुम्हीच म्हणता, रीत मोडू नये.”

खरेच, मीच म्हणतो. सारे आयुष्य मी हेच म्हणत आलो.

“आक्का आता या गल्लीत नाही, भूपाल. तिचा मान ठेवण्यासाठी तिचेच मशीन बंद पाडायचे का?”

मंडपाबाहेर फरशीवरचे ऊन एकदा उजळले आणि पुन्हा विझले. शेवटी भूपालने उपरण्याने तोंड पुसले. “मग आपली गल्ली कितवी?”

“शेवटची.”

“एकदम शेवटची?” तो माझ्याकडे पाहत राहिला. “बरं. पण माझ्या बायकूला तुम्हीच सांगा. माझं धाडस न्हाय.”

यावर थोडे हसू फुटले, आणि हात वर झाले. सगळे नव्हेत, पुरेसे.

त्रिशलेने क्रम बदलून स्टँडची गल्ली पहिली केली. आज संध्याकाळी कोठी पुन्हा कमी पडली. सर्वांत आधी आमची गल्ली गेली. माझ्या चुलीवरचा भात नुकता उकळू लागला होता. मी झाकण ठेवले आणि मनाला राहवेना म्हणून स्टँडकडे चालू लागलो. वाटेत दोन-तीन दारांतून माझ्याकडे पाहिले गेले. त्या पाहण्यात काय होते ते मी निरखले नाही.

हुसेनभाई खाटेवर उशीला टेकून बसले होते. मला पाहताच नळी सावरत हसले. “या गुरुजी. तुमच्यात अंधार, म्हणून उजेडाला आलाय्सा व्हय?”

“तसंच समजा.”

“बसा. च्या घेणार न्हाय, ठावं हाय मला. जेवलासा?”

“भात अर्धा आहे. वीज आली की शिजेल. सूर्य आहे अजून.”

त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर, माळाच्या दिशेने पाहिले. सवयीने, गाडी चालवणारा माणूस वाट पाहतो तसे, नीट निरखून.

“न्हाय ओ गुरुजी,” ते हळूच म्हणाले. “गेला.”

त्यांनी एक श्वास घेतला, मग त्याच्या पुढचा. आणि मी घरी जाण्यासाठी उठलो नाही.